लाइक एकच, मग फाइलमध्ये नोंदी दोन कशा? स्ट्रीम प्रोसेसिंगमधल्या दुबार नोंदींचा माग

व्हिडिओखालचा अंगठा एकदा दाबला की फोनमधून एक छोटीशी नोंद निघते. कोणी दाबला, कोणत्या व्हिडिओवर, किती वाजता. ही नोंद सर्व्हरवर पोहोचते, तिथून पुढच्या प्रणालीत जाते आणि शेवटी एखाद्या फाइलमध्ये एक ओळ होऊन बसते. जाहिरातदाराचं बिल, व्हिडिओ बनवणाऱ्याला मिळणारे पैसे, ‘ट्रेंडिंग’च्या यादीतला क्रमांक, हे सगळं अशा ओळी मोजून ठरतं.

मग एखाद्या सकाळी कोणाच्या तरी लक्षात येतं की काल रात्रीच्या फाइल्समध्ये काही ओळी दोन-दोनदा आहेत. प्रोग्रामने एरर दिलेला नाही. सगळं सुरळीत चालू असल्याचं हिरवं चिन्ह दिसतंय. शिवाय ज्या सॉफ्टवेअरवर हे चालतं त्याने तर ‘एक्झॅक्टली वन्स’, म्हणजे प्रत्येक नोंद नेमकी एकदाच, अशी हमी दिलेली असते.

ही हमी सहसा खोटी नसते. पण ती कुठपासून कुठपर्यंत लागू आहे, हे अनेकांनी वाचलेलं नसतं.

साखळी कशी असते?

पूर्वी दिवसभराचा डेटा साठवायचा आणि रात्री एकदम हिशोब करायचा, अशी पद्धत होती. तिला बॅच प्रोसेसिंग म्हणतात आणि ती आजही अनेक ठिकाणी चालते. स्ट्रीम प्रोसेसिंगमध्ये नोंद आली की लगेच तिच्यावर काम होतं. दिवस संपण्याची वाट कोणी बघत नाही, कारण हा प्रवाह कधी संपतच नाही.

फोन किंवा वेबसाइट नोंद पाठवते आणि ती काफ्कासारख्या प्रणालीत जमा होते. काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झालं. लोकांनी कोणतं पान पाहिलं, कशावर क्लिक केलं, अशा नोंदी वाहून नेणं हा त्यामागचा मोठा हेतू होता. २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. काफ्का म्हणजे अनेक वह्या समजा, ज्यांच्यात फक्त शेवटी लिहिता येतं, मधली ओळ खोडता येत नाही. प्रत्येक वहीला पार्टिशन म्हणतात. त्या वहीतल्या प्रत्येक ओळीला एक क्रमांक असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. हा ऑफसेट लक्षात ठेवा, पुढचा सगळा तपास त्याच्यावर उभा आहे.

यानंतर अपाचे फ्लिंक किंवा अपाचे स्पार्कसारखं इंजिन या वह्या वाचतं, नोंदी गाळतं, मोजतं आणि निकाल फाइलमध्ये लिहितं. फाइल कंपनीच्या स्वतःच्या डिस्कवर असेल किंवा ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या क्लाउडमध्ये. तिथून ती बिलाचा किंवा रिपोर्टचा प्रोग्राम वाचतो.

म्हणजे पाठवणारा, वही, इंजिन आणि शेवटी फाइल वाचणारा, अशा चार कड्या झाल्या. दुबार नोंद बहुतेक वेळा दोन कड्यांच्या सांध्यात जन्माला येते.

आधी एक जोडी हातात घ्या

दुबार नोंदी दिसल्या की पहिली प्रतिक्रिया असते प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करण्याची. ती टाळलेली बरी. पुन्हा सुरू करण्यातूनच नव्या दुबार नोंदी तयार होऊ शकतात, आणि जुन्या कुठून आल्या याचा मागही पुसला जातो.

त्याऐवजी दुबार नोंदींची एकच जोडी घ्यावी आणि तीन गोष्टी बघाव्यात. दोन्ही ओळी काफ्काच्या कोणत्या पार्टिशनमधून, कोणत्या ऑफसेटवरून आल्या? त्या कोणत्या फाइलमध्ये आहेत? आणि त्या फाइल्स कधी तयार झाल्या?

ऑफसेट वेगवेगळे असतील तर नोंद वहीतच दोनदा लिहिली गेली होती. इंजिन निर्दोष आहे, चूक पाठवणाऱ्याच्या बाजूची आहे. ऑफसेट एकच असेल आणि ओळी दोन वेगळ्या फाइल्समध्ये असतील, तर इंजिनाने ती ओळ दोनदा वाचून दोनदा लिहिली. आणि त्या दोनपैकी एक फाइल अजून पूर्णच झालेली नसेल किंवा अर्धवट सोडून दिलेली असेल, तर वाचणाऱ्याने वाचायला नको ती फाइल वाचली.

अडचण अशी की अनेक प्रोग्राम ऑफसेट फाइलमध्ये लिहीतच नाहीत. ‘त्याचा काय उपयोग, उगाच जागा खातो’ असं म्हणून तो गाळला जातो. पार्टिशन आणि ऑफसेट असे दोन आकडे प्रत्येक ओळीत ठेवले, तर दोन दिवसांचा तपास अर्ध्या तासात होऊ शकतो. स्टोरेजचा खर्च यापुढे किरकोळ आहे.

आणखी एक फसवी गोष्ट. काही प्रोग्राम ओळ लिहितानाची वेळही ओळीत टाकतात. मग एकाच नोंदीच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या दिसत नाहीत आणि साध्या तुलनेत निसटतात. फ्लिंकची मूळ सवय तर दर तासाला नवं फोल्डर करण्याची आहे, आणि तो तास नोंदीचा नसतो, लिहिण्याचा असतो. नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लिहिलेली नोंद सव्वादहाला पुन्हा लिहिली गेली, तर दोन प्रती दोन फोल्डरमध्ये जातात. एकेक फोल्डर तपासणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं.

पोच हरवली की

पाठवणाऱ्याच्या बाजूचं कारण जुनं आहे. पोचपावतीसह पत्र पाठवलं आणि पावती परत आली नाही, तर पत्र पोहोचलंच नाही की पत्र पोहोचलं आणि पावती वाटेत हरवली? पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पुन्हा पाठवलं तर दोन पत्रं जाण्याचा धोका, नाही पाठवलं तर एकही न जाण्याचा. १९७५ च्या एका शोधनिबंधात हा पेच गुंडांच्या दोन टोळ्यांचं उदाहरण देऊन मांडला होता. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी टोळ्यांच्या जागी सेनापती आणले आणि तेव्हापासून तो ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो.

यूपीआयने पैसे देताना ‘पेंडिंग’ दिसलं की दुकानदार म्हणतो, ‘थांबा, परत करू नका.’ तो हाच पेच. तिथे प्रत्येक व्यवहाराला बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो, त्यामुळे नंतर तपासता येतं. काफ्काला नोंद पाठवणारा प्रोग्राम मात्र थांबत नाही. पोच आली नाही की तो पुन्हा पाठवतो. पहिली नोंद खरं तर लिहिली गेली असेल, तर आता त्याच नोंदीला दोन ऑफसेट मिळतात.

यावर २०१७ मध्ये काफ्काच्या ०.११ या आवृत्तीत उपाय आला. पाठवणाऱ्याला एक ओळख क्रमांक मिळतो, तो पाठवतो त्या प्रत्येक गठ्ठ्याला अनुक्रमांक मिळतो आणि तोच अनुक्रमांक पुन्हा आला की काफ्का तो गठ्ठा लिहीत नाही. २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून ही सोय आपोआप चालू असते. त्याआधीच्या आवृत्तींवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ती कोणीतरी हाताने चालू करावी लागते.

पण या सोयीची मर्यादा स्पष्ट आहे. ती फक्त काफ्काच्या स्वतःच्या फेरप्रयत्नांपुरती आहे. फोनमधल्या ॲपने नेटवर्क गेल्यामुळे तीच नोंद सर्व्हरला दोनदा पाठवली, तर काफ्काच्या दृष्टीने त्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. तिथे एकच उपाय चालतो. नोंद जिथे जन्मली, म्हणजे फोनमध्येच, तिला एक खास ओळख क्रमांक द्यायचा आणि फेरप्रयत्नात तोच पाठवायचा. हा क्रमांक सर्व्हरवर देण्याची चूक फार ठिकाणी होते. मग दुसऱ्यांदा आलेल्या नोंदीला नवाच क्रमांक मिळतो आणि दोघी सख्ख्या बहिणी असूनही अनोळखी दिसतात.

याच सांध्यात आणखी एक खाच आहे. काफ्कात व्यवहार पद्धतीने, म्हणजे ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशा रीतीने, नोंदी लिहिता येतात. व्यवहार रद्द झाला तरी त्याच्या ओळी वहीतून खोडल्या जात नाहीत, फक्त रद्द म्हणून खूण होते. त्या खुणेकडे लक्ष द्यायचं की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि काफ्काच्या ग्राहकाची मूळ सेटिंग आहे ‘रीड अनकमिटेड’, म्हणजे लक्ष द्यायचं नाही. पाठवणाऱ्याने रद्द झालेला व्यवहार नंतर पुन्हा केला की अशा वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. सेटिंग ‘रीड कमिटेड’ केली की हा प्रकार थांबतो.

मेंदू मागे जातो, फाइल जात नाही

दोन्ही ओळींचा ऑफसेट एकच निघाला, तर लक्ष इंजिनाकडे वळवायचं. इथे चेकपॉइंट समजून घ्यावा लागतो.

फ्लिंक ठरावीक वेळाने स्वतःच्या सगळ्या स्मृतीचा फोटो काढून ठेवतं. कोणत्या वहीत कुठपर्यंत वाचलं, आतापर्यंतची बेरीज किती झाली, वगैरे. यामागची मूळ कल्पना के. मणी चांडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्ये मांडली होती.

समजा, चेकपॉइंट दर मिनिटाला होतो. दहाच्या ठोक्याला फोटो काढला तेव्हा ऑफसेट ५००० पर्यंत वाचून झालं होतं. पुढच्या चाळीस सेकंदांत ७००० पर्यंत मजल गेली आणि मशीन कोसळलं. पुन्हा सुरू होताना इंजिन दहाच्या फोटोवर परत जातं आणि ५००१ पासून वाचायला लागतं. मधल्या २००० नोंदींवर दुसऱ्यांदा काम होतं, पण बेरीज चुकत नाही, कारण बेरीजही दहा वाजता होती तिथे मागे गेलेली असते.

डिस्कवर लिहून झालेली फाइल मात्र आपोआप मागे जात नाही. त्या चाळीस सेकंदांत २००० ओळी फाइलमध्ये पडलेल्या असतात. आता त्याच पुन्हा लिहिल्या जातात. ‘एक्झॅक्टली वन्स’ची हमी इंजिनाच्या स्मृतीपुरती असते. बाहेरच्या जगात ती लागू व्हायची तर फाइल लिहिणाऱ्या भागालाही चेकपॉइंटशी ताल धरावा लागतो.

फ्लिंकचा फाइल सिंक हा ताल धरतो. त्यात फाइल तीन अवस्थांतून जाते. लिहिणं चालू असताना ती ‘इन-प्रोग्रेस’, लिहून बंद केली की ‘पेंडिंग’, आणि त्यानंतरचा चेकपॉइंट यशस्वी झाला की ‘फिनिश्ड’. फक्त फिनिश्ड फाइलच वाचायची, असा करार आहे. मशीन कोसळलं तर चेकपॉइंटनंतरचा भाग फिनिश्ड होतच नाही, म्हणून करार पाळणाऱ्याला दुबार ओळ दिसत नाही.

करार मोडण्याची पद्धत अशी. कोणीतरी चेकपॉइंट चालूच केलेला नसतो. मग फाइल्स कायम अपूर्ण अवस्थेत राहतात आणि फोल्डर रिकामं दिसतं. रिपोर्टवाले विचारतात, ‘डेटा कुठे आहे?’ घाईत उत्तर शोधलं जातं की नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या त्या लपलेल्या फाइल्सच थेट वाचाव्यात. त्या दिवशी डेटा दिसतो, सगळे खूश होतात. काही आठवड्यांनी मशीन एकदा कोसळतं, अर्धवट सोडलेली फाइल तशीच पडून राहते, तिच्याशेजारी त्याच नोंदींची नवी फाइल येते आणि बिल फुगतं. नंतर कोणी शहाण्याने चेकपॉइंट चालू केला तरी वाचणाऱ्या स्क्रिप्टमधली ती ओळ बहुधा कोणी बदलत नाही.

फ्लिंकच्या जुन्या बकेटिंग सिंकमध्ये तर याहून वेगळी गंमत होती. फाइलचा शेवट कापण्याची सोय नसलेल्या हडूप आवृत्तीवर तो शेजारी ‘इथपर्यंतच वाचा’ असं सांगणारी एक छोटी फाइल ठेवायचा. ती चिठ्ठी न वाचणाऱ्याला शेपटाकडचा फाजील भागही दिसायचा.

हातून झालेली रीस्टार्ट

मशीन कोसळल्यावर इंजिन स्वतःहून उठतं तेव्हा ते शेवटचा चेकपॉइंट शोधतं. माणूस उठवतो तेव्हा गडबड होते.

नवी आवृत्ती बसवताना कोणी शेवटच्या फोटोऐवजी तीन तासांपूर्वीचा फोटो दिला, तर इंजिन तिथून मुकाट्याने सुरू होऊ शकतं. मधल्या तीन तासांच्या पूर्ण झालेल्या फाइल्सना फ्लिंक हात लावत नाही. पूर्ण झालेली फाइल कधीच बदलायची नाही, हे त्याचं तत्त्व आहे. त्या तीन तासांच्या नोंदी नव्या फाइल्समध्ये पुन्हा लिहिल्या जातात. जुन्या फोटोत ज्या अर्धवट फाइलचा उल्लेख आहे ती दरम्यान पूर्ण झालेली असेल, तर फाइल सिंक सुरू व्हायलाच नकार देतो. हा एरर त्रासदायक वाटतो, पण तो वाचवणारा आहे. त्याला बगल देण्यासाठी ‘फोटोशिवायच सुरू करू’ असं ठरवलं जातं, आणि मग सेटिंगनुसार एकतर वही पहिल्या पानापासून वाचली जाते किंवा मधला भाग सुटतो.

एस-थ्रीवर हा प्रसंग वेगळ्या वाटेने येतो. तिथे मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी चढवली जाते आणि शेवटचा हुकूम मिळेपर्यंत ती कोणाला दिसत नाही. अर्धवट राहिलेले तुकडे काही दिवसांनी आपोआप पुसण्याचा नियम अनेकजण खर्च वाचवायला लावतात. प्रोग्राम त्या मुदतीपेक्षा जास्त काळ बंद राहिला, तर फोटोला हवे असलेले तुकडेच गायब झालेले असतात. फोटो निकामी होतो आणि पुन्हा ‘फोटोशिवाय सुरू करा’ची वेळ येते.

स्पार्कची यादी

स्पार्कची स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंग पद्धत २०१६ मध्ये २.० आवृत्तीबरोबर आली. तिचा ताल निराळा आहे. ती नोंदी छोट्या गठ्ठ्यांत घेते आणि कोणत्या गठ्ठ्याच्या कोणत्या फाइल्स खऱ्या, याची यादी त्याच फोल्डरमधल्या एका मेटाडेटा फोल्डरमध्ये ठेवते. एखादा गठ्ठा लिहिताना अर्ध्यावर कोसळला तर त्याच्या फाइल्स फोल्डरमध्ये पडून राहू शकतात, पण यादीत येत नाहीत. स्पार्कनेच ते फोल्डर वाचलं तर तो यादी बघतो आणि दुबार काही दिसत नाही. दुसऱ्या साधनाने, किंवा साध्या स्क्रिप्टने, फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स उचलल्या तर टाकून दिलेल्याही त्यात येतात. एकाच फोल्डरवर दोन साधनांचे आकडे वेगळे येत असतील, तर आधी हे तपासावं.

‘फॉरइचबॅच’ ही सोय वापरून स्वतःच्या कोडने फाइल लिहिणाऱ्यांना ही यादीही मिळत नाही. तिथे हमी ‘निदान एकदा’ इतकीच आहे. गठ्ठ्याचा क्रमांक मात्र मिळतो. तोच फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात घातला आणि पुन्हा लिहिताना जुन्यावरच लिहिलं, तर दुसरी प्रत तयार होत नाही.

एक इशारा उलट्या दिशेचा. नव्याने सुरुवात करायची म्हणून काहीजण चेकपॉइंटचं फोल्डर पुसतात आणि मेटाडेटाची यादी तशीच ठेवतात. मग गठ्ठे पुन्हा शून्यापासून मोजले जातात, यादीत शून्य क्रमांकाचा गठ्ठा आधीच असतो, आणि स्पार्क नवा गठ्ठा ‘हा तर झालेला आहे’ म्हणून सोडून देतो. दुबार नोंदी घालवायला निघालेल्याच्या हातून खऱ्या नोंदी जातात.

दुबार वाटतात, पण नसतात

काही जोड्या मुळात दुबार नसतातच. दर पाच मिनिटांची बेरीज लिहिणारा प्रोग्राम उशिरा आलेली नोंद धरून तीच बेरीज सुधारून पुन्हा लिहू शकतो. फाइलमध्ये त्या पाच मिनिटांच्या दोन ओळी दिसतात, आकडे वेगळे. इथे शेवटची ओळ धरायची असते. तसंच, नोंदी दुसऱ्या तक्त्याशी जोडताना त्या तक्त्यातच एका वापरकर्त्याच्या दोन ओळी असतील, तर प्रत्येक लाइकच्या दोन होतात. तिथे काफ्का, फ्लिंक, चेकपॉइंट यांची उठाठेव करून हाती काही लागत नाही.

साफसफाई

कारण सापडलं तरी बिघडलेल्या फाइल्स उरतातच. सगळ्या रकान्यांवर ‘डिस्टिंक्ट’ चालवून मोकळं व्हावं, असा मोह होतो. पण एकाच माणसाने एकाच सेकंदात तोच व्हिडिओ खरोखर दोनदा सुरू केला असेल, आणि वेळ सेकंदापर्यंतच नोंदली जात असेल, तर त्या दोन खऱ्या नोंदी आहेत आणि डिस्टिंक्ट त्यातली एक खाऊन टाकतं. इंजिनाने केलेल्या दुबार नोंदी पार्टिशन आणि ऑफसेटच्या जोडीवरून काढाव्यात. पाठवणाऱ्याने केलेल्या फोनमध्ये दिलेल्या ओळख क्रमांकावरून. निकाल मूळ फोल्डरवर न लिहिता शेजारी नव्या फोल्डरमध्ये लिहावा आणि आकडे जुळल्यावरच वाचणाऱ्यांना तिकडे वळवावं.

प्रवाह चालू असतानाच दुबार नोंदी गाळता येतात, पण त्यासाठी इंजिनाला पाहिलेले क्रमांक लक्षात ठेवावे लागतात. किती वेळ ठेवायचे? एक तास ठेवले आणि फोन विमानातून उतरून चार तासांनी पुन्हा पाठवू लागला, तर ती नोंद निसटते. आठवडाभर ठेवले तर स्मृती फुगते. हा आकडा व्यवसायाने ठरवायचा असतो, सॉफ्टवेअर तो ठरवून देत नाही. उबरमध्ये जन्मलेलं हुडी, नेटफ्लिक्समधून आलेलं आइसबर्ग, किंवा डेल्टा लेक यांसारख्या टेबल पद्धतींत कोणत्या फाइल्स खऱ्या याची नोंद टेबलच ठेवतं आणि ती एका झटक्यात बदलते, त्यामुळे वाचणाऱ्याला अर्धवट फाइल दिसण्याचा प्रश्न बराच कमी होतो. वहीतच दोनदा आलेली नोंद मात्र तिथेही आपोआप जात नाही.

सगळ्यात सोपी साफसफाई म्हणजे बिघडलेले तास काफ्कातून पुन्हा वाचून नव्याने लिहिणं. त्यासाठी मूळ नोंदी काफ्कात असायला हव्यात, आणि काफ्काची मूळ मुदत सात दिवसांची आहे. महिनाअखेरीला बिल काढताना गडबड लक्षात आली, तर वहीची ती पानं कधीच फाडली गेलेली असतात. तेव्हा हातात फक्त फाइल्स उरतात, आणि त्यात ऑफसेट लिहिलेला नसेल तर कोणती ओळ खऱ्या दुसऱ्यांदा पाहण्याची आणि कोणती यंत्राने केलेली, हे कोणालाच सांगता येत नाही.